सायकल, चढ आणि मास्क: तुम्ही काय लावता?

दोनचाकी | १२ जुलै २०२०

नमस्कार मंडळी,

कोरोनाच्या टाळेबंदीत तीन महिने सायकल भिंतीला टेकून होती. गेल्या आठवड्यात ऑफिस सुरू झालं. बसच्या गर्दीत शिरायचा धीर होईना, म्हणून चाकांत हवा भरली, साखळीला तेल दिलं आणि निघालो. जाऊन-येऊन २२ किलोमीटर, मध्ये दीड किलोमीटरचा एक चढ.

तोंडाला घरी शिवलेला तीन पदरी सुती मास्क. सपाटीवर काही वाटलं नाही. चढ लागल्यावर मात्र त्याने रंग दाखवला. श्वास घेतला की कापड नाकपुड्यांना चिकटायचं, सोडला की चष्म्यावर वाफ. अर्ध्या चढावर मास्क घामाने ओलागच्च, आणि ओल्या कापडातून हवा ओढायची म्हणजे काय ते ज्याने ओढली त्यालाच ठाऊक. वाफेमुळे समोरचा खड्डा दिसला नाही, पुढचं चाक दणकन आदळलं. पडलो नाही, एवढंच.

तर, सायकलवर कोणता मास्क चालतो? रस्त्यावर एकटा असताना तो लावावा का? आणि चष्मेवाल्यांनी काय करावं?

खोगीर | १२ जुलै २०२०

बहुतेक लोक हनुवटीला लावतात. हनुवटी अगदी सुरक्षित राहते. (हलके घ्या.)

निर्गुंडी | १२ जुलै २०२०

खोगीर, तुमचा प्रतिसाद आला नसता तर धागा चुकलाय असं वाटलं असतं.

दोनचाकी, मी कामावर रोज आठ तास मास्क लावते, म्हणून थोडं सांगते. आधी तीन प्रकार वेगळे करा.

एन-९५ मधला ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडणं. नेमका हाच आकार चाचणीला घेतात, कारण तो पकडायला सगळ्यात अवघड. त्याहून मोठे कण धाग्यांवर आदळतात. त्याहून लहान कण सरळ जातच नाहीत, हेलपाटत जातात आणि कुठेतरी चिकटतात. मधले चोर निसटतात. त्यांना पकडायला आतल्या थराच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो. म्हणून एन-९५ साबणाने धुऊ नका. दिसायला तो नवा होतो, भार मात्र गेलेला असतो. युरोपातला एफएफपी२ याच जातीचा, त्याची अट किमान ९४ टक्क्यांची.

सर्जिकल तीन थरांचा असतो. रंगीत बाजू बाहेर, तार नाकावर. चेहऱ्याला तो घट्ट बसत नाही, कडेने हवा जाते. तुमच्या चष्म्यावरची वाफ याच गळतीची, फक्त वरच्या कडेची.

कापडी मास्कसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला सांगितलंय की आतला थर पाणी शोषणारा, बाहेरचा न शोषणारा आणि मधला गाळणारा हवा. तुमचे तिन्ही थर सुती, म्हणजे तिन्ही पाणी पिणारे. चढावर घाम आला की तो मास्क राहत नाही, पोतेरं होतं.

उताराचा_राजा | १३ जुलै २०२०

निर्गुंडीताई, माहिती छान. पण मूळ मुद्दाच चुकतोय असं माझं स्पष्ट मत. त्याच संघटनेने १६ जूनला असंही सांगितलंय की व्यायाम करताना मास्क लावू नका. घामाने तो लवकर ओला होतो, श्वास घेणं जड जातं, जंतूंनाही ते मानवतं. अंतर राखा म्हणतात. मी पहाटे रिकाम्या रस्त्यावर एकटा ४० किलोमीटर मारतो. वाऱ्यापासून कोणाला वाचवू?

निर्गुंडी | १३ जुलै २०२०

राजे, तुमच्या रिकाम्या रस्त्याबद्दल माझी हरकत नाही. पण दोनचाकी व्यायामाला निघालेले नाहीत, ऑफिसला निघालेत. सिग्नलला दोन्ही बाजूंना माणसं, पुढे बसथांबा, मग सायकल लावायची जागा, लिफ्ट. त्यांना "अंतर राखा" म्हणणं सोपं आहे.

पायडलपुराण | १३ जुलै २०२०

दोघांनाही +१. खिशात हवाच, तोंडावर जागा बघून.

शंकेखोर | १४ जुलै २०२०

मास्क लावून जोरात व्यायाम केला की आपलाच कार्बन डायऑक्साइड परत आत जातो आणि ऑक्सिजन धोकादायक पातळीवर उतरतो, असं एका डॉक्टरांच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलंय. खरं आहे का? आमच्या ग्रुपमधल्या दोघांनी याच भीतीने सायकल सोडली.

निर्गुंडी | १४ जुलै २०२०

डॉक्टरांचं नाव होतं की नुसतं "एका डॉक्टरांच्या"?

कार्बन डायऑक्साइडचा रेणू ०.३ मायक्रॉनच्या कणापेक्षा सुमारे हजारपट लहान. मास्कच्या जाळीतून तो सहज ये-जा करतो. मास्कच्या आत थोडी सोडलेली हवा राहते हे खरं, पण निरोगी माणसाचा ऑक्सिजन त्याने धोकादायक पातळीला जात नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते दमट, गरम हवा आणि श्वासाला होणारा अडथळा यांमुळे. बसल्याजागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, चढावर जोर लावला की १०० लिटरच्या वर. तीच जाळी, हवा दहा-पंधरापट.

दमा, हृदयाचा त्रास असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारा. चक्कर, छातीत दुखणं असं काही वाटलं की उतरा, माणसांपासून लांब जाऊन मास्क काढा. तिथे बाणा दाखवायचा नाही.

खोगीर | १४ जुलै २०२०

मला चढावर मास्कशिवायही गुदमरतं. व्हॉट्सॲपवर त्याचं काही आलंय का?

चक्रधर_नाना | १६ जुलै २०२०

वय ६८, डाव्या कानात श्रवणयंत्र. एक अनुभव सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तसं होणार नाही.

परवा सिग्नलला थांबलो, पाणी प्यायचं म्हणून डाव्या कानामागची दोरी अंगठ्याने ओढली. दोरीत यंत्राची वायर अडकलेली होती, ते ध्यानातच नाही. यंत्र टुणकन उडालं. मला ते पडल्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, कारण ऐकायचं यंत्रच पडलं होतं! हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवत असणार. मी सायकल आडवी घालून रस्त्यावर उकिडवा. एका शाळकरी मुलीने माझ्याच पुढच्या चाकाखाली बोट दाखवलं. चाक अर्धा फूट पुढे सरकलं असतं तर चुरा झाला असता.

त्या दिवसापासून कानाला काही अडकवत नाही. मास्कच्या दोऱ्या कापून लांब नाड्या शिवल्या, एक मानेमागे, एक डोक्यामागे. क्रम असा: आधी मास्क, मग चष्मा, मग यंत्र, शेवटी हेल्मेट. काढताना बरोबर उलट. घाईत क्रम चुकला की सगळं पुन्हा.

दोनचाकी | १६ जुलै २०२०

नाना, थरारक! नाड्यांची कल्पना आजच करतो. माझ्याही कानामागे हेल्मेटचा पट्टा, चष्म्याची दांडी आणि मास्कची दोरी अशी तीन बिऱ्हाडं एका खोलीत राहतात.

शिवणकाम_सायकलकाम | १७ जुलै २०२०

नानांचा अनुभव वाचून मीही एक प्रयोग केला. हेल्मेटच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना कोटाची मोठी बटणं शिवली आणि मास्कच्या दोऱ्या त्यांत अडकवल्या. कान मोकळे. जाताना इतकं सुख की काय सांगू.

पोचल्यावर ऑफिसच्या दारात सवयीने हेल्मेट काढलं. मास्क हेल्मेटबरोबरच गेला आणि घोड्याच्या तोबऱ्यासारखा हातात लोंबायला लागला. समोर पहारेकरी तापमान मोजायची बंदूक घेऊन उभा. त्याने आधी तोबऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या तोंडाकडे, आणि न बोलता दोन पावलं मागे सरकला.

आता बटणं हेल्मेटच्या आतून बांधायच्या कापडी पट्टीवर आहेत.

खोगीर | १७ जुलै २०२०

तोबरा!! आजचा प्रतिसाद.

वाऱ्यावरची_वरात | २० जुलै २०२०

कोणी ड्राफ्टिंगबद्दल, म्हणजे वारा लागू नये म्हणून पुढच्याच्या अगदी मागे चालवण्याबद्दल, बोललेलं नाही. एप्रिलमध्ये बेल्जियम-नेदरलँड्समधल्या अभियंत्यांचं एक संगणकीय चित्र गाजलं होतं. वायुगतिकीवाले बर्ट ब्लॉकेन आणि त्यांचे सहकारी. पुढच्याच्या तोंडातले थेंब मागच्याच्या अंगावर कसे येतात, ते रंगीत ठिपक्यांनी दाखवलं होतं. चालताना ५ मीटर, पळताना किंवा सावकाश सायकलवर १० आणि जोरात सायकल असेल तर निदान २० मीटर अंतर ठेवा, असं त्यात म्हटलेलं.

उताराचा_राजा | २० जुलै २०२०

ते मीही पाहिलंय. तज्ज्ञांकडून तपासून घेण्याआधीच ते जगभर फिरलं. थेंब कुठवर जातात हे वायुगतिकीने कळेल, त्या थेंबांनी माणूस आजारी पडतो का ते त्यात नव्हतं.

वाऱ्यावरची_वरात | २१ जुलै २०२०

मान्य. पण मला तेवढंही पुरलं. कारण पुढचा सायकलवाला श्वासच सोडतो असं नाही, नाकही शिंकरतो. एक नाकपुडी अंगठ्याने दाबून, मान न वळवता. हे महामारीच्या आधीही आक्षेपार्ह होतंच. ग्रुप राईडमध्ये आता मी कोणाच्या थेट मागे राहत नाही. बाजूला सरकते आणि वाऱ्याचा मार खाते.

खोगीर | २१ जुलै २०२०

ते शिंकरणारे गृहस्थ मी नव्हे. आमच्या ग्रुपमधून मला आधीच काढलंय.

जुनी_पानं | २ ऑगस्ट २०२०

थोडं अवांतर, पण मास्कवरून भांडणं नवी नाहीत म्हणून लिहितो.

१९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या ईशान्येकडे मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. वू लियन-तेह हे मलायात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले तरुण डॉक्टर तिथे गेले. त्यांचं म्हणणं, हा प्लेग पिसवांनी नाही, माणसाच्या श्वासातून पसरतोय. त्यांनी कापूस आणि जाळीदार कापडाच्या थरांचा, डोक्यामागे बांधायचा मास्क वापरायला लावला. मेस्नी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर होते, त्यांना हे पटलं नाही. ते मास्क न लावता रुग्ण तपासायला गेले आणि काही दिवसांत प्लेगनेच वारले. त्यानंतर लोक मास्क मागायला लागले.

१९१८ च्या इन्फ्लुएंझात सॅन फ्रान्सिस्कोने मास्क सक्तीचा केला, तर १९१९ मध्ये तिथे चक्क मास्कविरोधी लीग निघाली. आपला हा धागा त्यापुढे फारच सभ्य आहे.

चक्रधर_नाना | २ ऑगस्ट २०२०

वा! अवांतर असलं तरी असलं येऊ द्या. आणि डोक्यामागे बांधायचा, म्हणजे माझी नाडी शंभर वर्षं जुनी निघाली.

मध्यम_गिअर | १२ ऑगस्ट २०२०

मी गळ्यात बफ (नळीसारखा ताणणारा गळपट्टा) घालतो आणि माणूस दिसला की नाकावर ओढतो. सोयीला तोड नाही. पण या आठवड्यात बातमी आली की ड्यूक विद्यापीठाच्या चाचणीत गळपट्टा काहीच न लावण्यापेक्षा वाईट ठरला. टाकून देऊ का?

निर्गुंडी | १३ ऑगस्ट २०२०

टाकू नका. त्या प्रयोगाचा हेतू थेंब मोजायची स्वस्त पद्धत दाखवण्याचा होता, गळपट्ट्यांचा निकाल लावण्याचा नाही. त्यात एक पातळ गळपट्टा एकाच माणसाने घालून पाहिला होता. बातमीने त्याची फाशी करून टाकली. दुहेरी घडी करून वापरा. ओला झाला की बदला, आणि घामाचा बफ दुसऱ्या दिवशी तसाच चढवू नका.

मास्कवरच्या व्हॉल्व्हबद्दलही सांगते. सायकलवाल्यांना तो आवडतो, कारण सोडलेला श्वास सुटसुटीत बाहेर जातो. पण गाळलेली हवा फक्त तुमच्यासाठी, बाहेर जाणारी न गाळताच जाते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही या महिन्यात हेच सांगून व्हॉल्व्हचे मास्क नकोत म्हटलंय. प्रदूषणाच्या मास्कमधला कार्बनचा थर वास आणि काही वायू शोषतो, विषाणूसाठी त्याचा उपयोग नाही.

दाढीदीक्षित | १३ ऑगस्ट २०२०

दाढीवाल्यांनी एन-९५ लावावा का?

निर्गुंडी | १३ ऑगस्ट २०२०

लावा, पण कडा केसांवर बसतात, त्वचेवर नाही, म्हणजे फटीतून हवा येते. मग एवढा जड मास्क लावून धाप लागल्याचा फायदा फारसा नाही. दाढी किंवा एन-९५, एक निवडा.

दाढीदीक्षित | १३ ऑगस्ट २०२०

दाढी. अकरा वर्षांची आहे हो ती.

उताराचा_राजा | १५ ऑगस्ट २०२०

घ्या, पुरावा. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी १२ निरोगी पुरुषांना स्थिर सायकलवर बसवलं. एफएफपी२ लावल्यावर त्यांचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप) १३ टक्क्यांनी घटला, कमाल ताकद सुमारे ५ टक्क्यांनी. मी म्हणत होतोच.

मध्यम_गिअर | १५ ऑगस्ट २०२०

मी वाचला तो. हवा मोजायचा रबरी मुखवटा त्यांनी मास्कवरून घट्ट बसवला होता. शिवाय माणूस पार थकेपर्यंत. ऑफिसला जाताना कमाल ताकद कोण लावतो? मी तर पोचूच नये अशा बेताने चालवतो.

पायडलपुराण | ६ सप्टेंबर २०२०

टूर द फ्रान्स बघताय का? जुलैची शर्यत यंदा २९ ऑगस्टला सुरू झाली. सुरुवातीच्या जागी सगळे मास्कमध्ये, शर्यत सुरू झाली की उघडे, बक्षीस घ्यायला मंचावर पुन्हा मास्क. म्हणजे जगातले सगळ्यात वेगवान सायकलवालेसुद्धा राजे आणि निर्गुंडीताई दोघांचंही ऐकतात.

शंकेखोर | ५ डिसेंबर २०२०

धागा वर काढतोय. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाचा अभ्यास आलाय. १४ जण, ७ पुरुष, ७ बायका, स्थिर सायकल, थकेपर्यंत. तीन पदरी कापडी मास्क, सर्जिकल आणि मास्कशिवाय. किती वेळ टिकले यात फरक नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमध्येही नाही. आमच्या ग्रुपवर टाकला. सायकल सोडलेल्या दोघांपैकी एक परत आला. दुसरा म्हणतो, गुडघा दुखतो. म्हणजे मास्क निमित्तच होतं.

उताराचा_राजा | ५ डिसेंबर २०२०

लाइपझिगमध्ये एफएफपी२ होता, इथे कापडी आणि सर्जिकल. दोन्ही खरं असू शकतं. (हे मी लिहिलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

निर्गुंडी | ५ डिसेंबर २०२०

काढला.

नवा_स्वार | १७ जानेवारी २०२१

आख्खा धागा वाचला. दोनचाकी, तुमचं शेवटी काय ठरलं? आणि चष्म्याचं कोणीच नीट सांगितलं नाही.

दोनचाकी | १८ जानेवारी २०२१

खरंच की, मीच धागा काढून मीच पळालो. सहा महिन्यांचा हिशेब देतो.

चष्मा: तीन गोष्टी जमल्या. एक, नाकावरची तार चिमटीत न धरता दोन्ही तर्जनींनी मधून बाहेर दाबत न्यायची. चिमटीने मध्ये टोक येतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ वर चढते. दोन, चष्मा मास्कच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे कड दाबली जाते. तीन, साबणाच्या पाण्याने काचा धुऊन, झटकून, तशाच वाळू द्यायच्या. काचेला खास लेप असेल तर आधी दुकानदाराला विचारा. सिग्नलला थांबलो की तरीही वाफ धरतेच. चाकं फिरली की वाऱ्याने जाते.

मास्क: एन-९५ चार दिवस लावून पाहिला. वरचा पट्टा हेल्मेटच्या मागच्या चक्रीखाली येतो आणि ऑफिसात पोचेपर्यंत डोक्याला खाच पडते. चढ तर विसराच. आता नानांच्या नाड्यांचा मास्क आहे, बाहेरून न भिजणाऱ्या कापडाचा, आत प्लास्टिकची छोटी चौकट, म्हणजे तो नाकपुड्यांना चिकटत नाही. हँडलच्या पिशवीत दोन सुके, आणि ओल्यासाठी कागदी पाकीट वेगळं. आधी तिन्ही एकाच कप्प्यात होते. पंक्चरच्या सोल्युशनची नळी फुटली आणि एक मास्क पिशवीलाच कायमचा चिकटला. अजून आहे तिथे.

पण खरा फरक पडला तो मास्कने नाही. मी ४० मिनिटं आधी निघायला लागलो. त्या वेळी चढावर चिटपाखरू नसतं, मास्क गळ्यात सोडून आरामात चढतो. वर एक वळण आहे, तिथे उतरून पाणी पितो, हात जंतुनाशकाने पुसतो, सुका मास्क बांधतो आणि मगच गर्दीच्या रस्त्याला लागतो. शेवटचे ४ किलोमीटर फक्त. बसथांब्याजवळ नेहमी चेहरा झाकलेला. संध्याकाळी येताना हे जमत नाही, तेव्हा गर्दीच असते. तेव्हा सगळ्यात हलका गिअर टाकून मास्कसकट गोगलगायीसारखा येतो. पळणारे लोक मागे टाकतात. टाकू देत.

खोगीर | १८ जानेवारी २०२१

म्हणजे सहा महिने, दोन विद्यापीठं आणि मांचुरिया करून उत्तर निघालं ते गजराचं घड्याळ?

दोनचाकी | १८ जानेवारी २०२१

आणि सकाळी तो गजर बंद करणारा माझा हात. त्यावर काही उपाय असेल तर वेगळा धागा काढतो.

नवा_स्वार | १९ जानेवारी २०२१

आभार! आत बसवायची चौकट कानाच्या दोरीवाल्या मास्कलाही चालते का?

शिवणकाम_सायकलकाम | १९ जानेवारी २०२१

चालते, पण दोन टाके घाला, नाहीतर खड्ड्यात सरकून डोळ्यापर्यंत येते. आणि मास्क धुताना ती वेगळी काढून घासा, तिच्या खोबणीत घाम साचतो.